सुमनमावशी दवाखान्यात आहेत

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. वही उशाखाली, पेन खिशात आणि मी भलतीकडेच. आज खोलीवरचे तिघंही क्लासला गेलेत, मोबाइल चार्जिंगला आहे, पळायला जागा नाही. म्हणून.

नवं काम लागलं. मांडव घालून झाले, कुरियर झालं, लोकांच्या दारात पिझ्झे पोचवून झाले. आता कात्रजच्या वस्तीतल्या बायकांचा आरोग्य निधी. धुणीभांडी करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका दर जूनमध्ये घरातल्या माणसांची नावं घालतात आणि माणशी थोडे पैसे भरतात. वर्षभरात त्यातलं कुणी दवाखान्यात पडलं की बिलाचा मोठा भाग निधीतून मिळतो. कुणाला द्यायचे, कुणाला नाही, ते बायकाच ठरवतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, बालवाडीत बसून.

मी भेटीवाला. कुणी अ‍ॅडमिट झालं की जायचं, पेशंटला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मग बैठकीत उभं राहून दोनच शब्द: मी पाहिलं. त्या दोन शब्दांवर पैसे सुटतात. बारावी नापासाच्या शब्दावर.

शमीमआपा निधी सांभाळतात. ब्लाउज शिवतात, तीन पिढ्या पुण्यात, मराठी माझ्याहून चोख. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पेशंटकडचा चहासुद्धा घ्यायचा नाही. चहा घेतला की नजर मऊ होते." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, "गजानन, तुमच्या वाशीमला अकरा वाजता दहा वाजतात का?"

आज एका आजोबांची भेट होती. झाली. येताना सर्पोद्यानात शिरलो, उगाच. अजगरासमोर बसलो. तो हलेना, मीही हललो नाही. दुपार गेली.

१४ नोव्हें., शुक्र.

भेट चक्क खोलीच्या मागच्या गल्लीत. सदाशिव पेठेतलं ट्रस्टचं हॉस्पिटल, निधीला सवलत देतं. पेशंट: सुमन, नवरा नामदेव, पित्ताशयात खडे, उद्या ऑपरेशन.

नाव वाचून थांबलो. ही तर आमची डब्याची मावशी. वर्षभर तिच्या हातचं खातोय, तोंड पाहिलेलं नाही. डबा नामदेवभाऊच आणून देतात. यवतमाळकडची माणसं, म्हणून मी हा डबा लावला. बाकीचे तिघं तिखट तिखट म्हणून रडतात.

बाई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. सिस्टरने "सुमन, अहो सुमन" अशी दोनतीनदा हाक मारली, तेव्हा कुठे वळली. म्हटलं औषधाची गुंगी असेल. कार्डावरच्या फोटोशी चेहरा जुळतो. म्हणजे जुळतो तेवढा. आधारवरचा फोटो कुणासारखाच नसतो.

मी म्हटलं, "मी गजू. तुमचा डबा खातो मी."

ती म्हणाली, "बरा असते का?"

"एकदम."

आणि रडायलाच लागली. दुखत असणार. नामदेवभाऊंनी चहा पुढे केला, मी नियम सांगितला. त्यांनी तो कप हातातच धरून ठेवला, प्यायलेही नाहीत.

आपांना फोन केला. पाहिलं.

१७ नोव्हें., सोम.

डबा उशिरा आला. नामदेवभाऊ स्कूटरशिवाय, बसने, दोन्ही हातांत पिशव्या. ऑपरेशन नीट झालं म्हणाले.

"स्कूटर?"

"गहाण टाकली. बिल आधी आपणच भराव लागते ना. निधीचे पैसे आले का सोडवतो."

डबा उघडला तर गोळाभात. डाळीचे गोळे, वर तेलात तडतडलेला लसूण, बाजूला जवसाची चटणी. आमच्याकडे सणाला करतात. तिघांनी विचारलं हे काय आहे, मी खात सुटलो, चौघांचं मीच खाल्लं असतं.

अर्धं खाऊन झाल्यावर डोक्यात आलं. गोळे फुटलेले नव्हते. एकही. माझ्या आईचे अजून फुटतात.

वस्तीत सगळ्यांना नामदेवभाऊंचं कौतुक. बायको दवाखान्यात आणि बिचारा एकटा सगळे डबे करतो. आपासुद्धा म्हणाल्या होत्या, "नवरा असावा तर असा." पण ह्याच माणसाने उन्हाळ्यात मला सांगितलेलं, चहा करायला गेलो तर दूध फाटते.

झोपलो, झोप नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

कात्रज. दुसऱ्या कुणाच्या भेटीला जायचं होतं, पाय तिकडे वळले नाहीत. दुपारची वेळ, गल्लीत बायका कमी. नामदेवभाऊंचं दार बंद, खिडकी बंद, आतून फोडणीचा वास.

वाजवलं. खूप वेळाने आतून: "ते घरी नाहीत."

"मावशी, मी गजू. गोळाभात मस्त झाला होता."

कडी निघाली.

ही खरी सुमनमावशी. हॉस्पिटलातल्या बाईसारखीच, फक्त वयाने थोडी मोठी, खांदे रुंद. पदराला पीठ. मला आत ओढलं आणि कडी परत लावली.

हॉस्पिटलात आहे ती तिची धाकटी बहीण लता. नवऱ्याने गणपतीनंतर मारून हाकलली, इथे आली. निधीत नावं जूनमध्येच चढतात, म्हणजे तिचं नाव नाही. सरकारी योजनेला रेशनकार्ड लागतं, ते सासरी, नवरा देत नाही. दुखणं थांबेना. डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका. मग नामदेवभाऊंनी सुमनचं कार्ड दिलं.

वस्तीत काय सांगितलंय: लता रेशनकार्ड आणायला गावाकडे गेली, सुमन दवाखान्यात. म्हणजे जी दवाखान्यात आहे ती गावाकडे, आणि जी दवाखान्यात आहे म्हणतात ती इथे कडी लावून डबे करतेय.

"नळावर गेली नाही मी तवापासून," मावशी म्हणाली. "खोकला आला तं तोंडावर उशी ठेवते. माह्या घरात मीच चोर."

मग फळीवरचं ताट दाखवलं. भाकऱ्या, वर फडकं. शेजारच्या बायकांनी पाळी लावून घेतलीय, रोज एकीच्या घरून भाकऱ्या येतात. आजारी सुमनच्या घरचे उपाशी राहू नयेत म्हणून.

"माह्यासाठी नवस बोलली एक जण. ह्या भाकरी गळ्याखाली उतरत नाहीत, गजू. काय करू मी, तूच सांग. बहिणीले मरू देऊ?"

खोटं निघालं तर घरातल्या सगळ्यांची नावं निधीतून जातात, कायमची. स्कूटर जाईल. स्कूटर गेली की डबे किती दिवस पोचणार बसने. आणि मी आपांना फोनवर 'पाहिलं' असं सांगून बसलोय.

तिने चहा ठेवला. मी म्हटलं, चालत नाही, पेशंटकडचा.

ती म्हणाली, "मी कोठं पेशंट हाय?"

प्यायलो. कडक होता.

२० नोव्हें., गुरु.

कामावर गेलो नाही. सकाळी स्टेशनवर जाऊन लोकल पकडली, खडकीला उतरलो, का ते माहीत नाही. कॅन्टोन्मेंटचे सरळ रस्ते, चुना लावलेली झाडं. एका क्वार्टरबाहेर एक म्हातारा सायकलचं चाक सरळ करत होता, त्याला तासभर मदत केली. त्याने नाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही. असं काम असतं तर.

आपांचे मिस्ड कॉल.

२१ नोव्हें., शुक्र.

लताला हॉस्पिटलातून घरी सोडलं. गेटपाशी गाठ पडली, नामदेवभाऊ रिक्षा बघायला गेले होते. भिंतीला टेकून उभी, हात पोटावर.

"तुमाले माहीत झालं ना," म्हणाली.

"हो."

"इथं समदे मले सुमन म्हणत. सुरुवातीले कळेच ना. मंग सवय झाली. ताईच्या नावाने कोणी इतकं नीट विचारते ना, कसं हाय, जेवली का. माह्या नावानं कोणी विचारलं नाही कधी."

रिक्षा आली. बसताना म्हणाली, "तुमी खोटं नका बोलू माह्यासाठी." मग रिक्षा सुरू झाल्यावर तोंड बाहेर काढून, "पण स्कूटर..."

पुढचं ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही तेच बरं.

२५ नोव्हें., मंगळ.

आपांकडे गेलो. मशीनवर होत्या, कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज. ठरवून गेलो होतो की सांगून टाकायचं. आधी मशीनच्या तेलाबद्दल बोललो, मग मांजरीबद्दल. शेवटी म्हटलं, "आपा, समजा, एखाद्याने दुसऱ्याच्या नावावर ऑपरेशन करून घेतलं तर?"

मशीन थांबली नाही.

"समजा, हं," आपा म्हणाल्या. "तर ज्याचं नाव, त्याच्या पोटातलं कागदावर काढलं गेलं. ते परत बसवता येत नाही. पाच वर्षांनी त्या माणसाला खरंच तिथे दुखलं, तर आपणच म्हणणार, तुमचं तर काढलंय."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सुमनमावशीच्या पोटात पित्ताशय आहे आणि नाही.

"आणि नियम जरा वाकवला तर? बाई खरंच आजारी असेल तर?"

आता मशीन थांबली. "माझ्या सासूचं नाव जूनमध्ये राहिलं. माझ्याच हातून. नंतर त्या पडल्या, खुबा मोडला. बैठकीत पहिला हात माझा, नाव नाही तर पैसे नाहीत. घरात महिनाभर कुणी माझ्याशी बोललं नाही." दोरा दाताने तोडला. "बरं असतं ते. शिलाई जास्त होते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"सगळे आजारीच असतात, गजानन. धडधाकट माणूस दवाखान्यात कशाला जाईल? पण निधीच्या डब्यात धुणीभांडीवालीचे पैसे आहेत. ते मी दिले की नाही दिले, हे तिच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे."

त्यांनी कोण ते विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक. मी उठलो तर म्हणाल्या, "रविवारी वेळेवर या. पुण्याच्या वेळेवर."

२८ नोव्हें., शुक्र.

डब्यात पिठलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. नामदेवभाऊ माझ्याकडे बघत नाहीत, डबा दारात ठेवतात आणि जातात. आज हाक मारली, "भाऊ." वळले. ते म्हणाले, "तू बोलशील ते बोल. मी तुया पाया नाही पडणार."

पायऱ्या उतरताना चप्पल तुटली त्यांची. तशीच हातात घेऊन गेले.

म्हणायचं, पाहिलं. खोटं नाही ना ते? एक बाई पाहिली, खाटेवर, पोट दुखणारी. पाहिलीच.

असं स्वतःला किती वेळा सांगितलं आज.

३० नोव्हें., रवि.

बालवाडीच्या पायरीवर बसून लिहितोय. आत बैठक सुरू आहे, दार उघडंच. बाराखडीच्या तक्त्याखाली बायका भिंतीला टेकून बसल्यात. माझी भेट शेवटची आहे, तोवर बाहेर बसा म्हणाल्या आपा.

बॅग बरोबर आणलीय. सगळं सामान. रात्रीची वाशीमची गाडी मिळते. मी आलो तेव्हा आपांनी बघितली.

"हे काय?"

"लाँड्री."

"पेठेतून कात्रजला येता लाँड्रीला? चांगलं धुतात वाटतं इथे."

आत एक क्लेम झाला, डेंग्यूचा पोरगा. दिले. सगळे हात वर. नंतर एका भाजीवालीच्या दिराचा, त्याचं नाव नव्हतं. भाजीवाली स्वतःच म्हणाली, "नव्हतं घातलं बाई, चुकलं," आणि डोळे पुसून तिथेच बसून राहिली, पुढच्यांचं ऐकायला. उठून गेली नाही. मी असतो तर गेलो असतो.

नामदेवभाऊ कोपऱ्यात बसलेत. एकटा बाप्या. त्यांच्या शेजारची बाई त्यांना म्हणते, "सुमनला आता चालवा थोडं थोडं. आज माझ्या घरून भाकरी येतील." ते मान हलवतात.

आता आपा म्हणतायत, "शेवटचा. सुमन नामदेव. पित्ताशय. भेटीवाले कुठे आहेत?"

उठलो होतो. वही मिटत होतो. बॅग उचलावी की नाही ह्यातच वेळ गेला, आणि मागून गल्लीतल्या पोरी ओरडत आल्या, सुमनमावशी आली, सुमनमावशी आली.

वळून पाहिलं. दोघी येतायत. सुमनमावशी पुढे, कमरेवर मोठं पातेलं, झाकणाच्या फटीतून वाफ. दोघांनी मिळून उचलावं एवढं पातेलं, आणि कागदावर पंधरा दिवसांपूर्वी पोट फाडलेली बाई ते एकटी घेऊन चालतेय, सगळ्या गल्लीसमोर. मागे लता, भिंत धरत, एक हात पोटावर.

आतल्या बायका दाराकडे वळल्या. नामदेवभाऊ उभे राहिले. आपांनी चष्मा काढला.

मावशी पायरीपाशी आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सरक जरा, गजू. आत जाऊ दे."