उपाशीपोटी द्यायची गोळी

आई, मे महिन्यात चुलीपुढं बसूनही तुला घाम येत नसे. अंगात आप्पांचा जुना तपकिरी स्वेटर, त्यावर पदर, आणि भाकरी थापता थापता मध्येच थांबलेला हात. तवा तापून धुरायला लागायचा आणि तू पिठाकडं बघत बसलेली असायचीस. मी हाक मारली की दचकून म्हणायचीस, "डोळा लागला व्हय माझा?" डोळे तर उघडेच असायचे. राहात्याकडच्या आपल्या मळ्यात मी हे इतक्या वेळा पाहिलं की सगळ्यांच्याच आया अशा अधूनमधून थांबतात, असं मला लहानपणी वाटायचं. नंतर कळलं की लोक याला आळस म्हणतात. आत्या तुझ्या तोंडावर म्हणायची, "बाळंत झाली ती अजून उठलीच न्हाई." आप्पा मनानं वाईट नव्हते, पण पेरू तोडायला बाया येऊन बसल्या आणि तू अजून अंथरुणात असलीस की त्यांचा आवाज चढायचा. तू उलट बोलायची नाहीस. तुझा आवाजही तोवर घोगरा झाला होता, भुवया निम्म्या गळाल्या होत्या आणि चेहरा मेणासारखा पांढुरका दिसायचा. एकदा शाळेत तू डबा द्यायला आलीस तेव्हा एका मुलीनं विचारलं, "तुझी आजी का?" तुझी चाळिशीही व्हायची होती.

माझ्या जन्माची हकीकत मी आत्याकडूनच ऐकली. तुझं रक्त थांबेना. दोन गोधड्या भिजल्या, मग कुणाची तरी जीप मिळाली. दवाखान्यात तू वाचलीस, पण तुला दूध आलंच नाही. मी शेजारच्यांच्या गाईच्या दुधावर वाढले. मला पाळी आली त्या दिवशी तू मला मोरीत घेऊन गेलीस, सगळं समजावून सांगितलंस आणि वर म्हणालीस, "मला तर तू झाल्यापासून न्हाईच. सुटले म्हनायचं." आपण दोघी हसलो. एवढी मोठी गोष्ट तू सांगितलीस आणि आपण हसलो.

मग दहावीत सरांनी फळ्यावर माणसाची आकृती काढून गळ्यापाशी फुलपाखरासारखी एक ग्रंथी रंगवली. अवटु ग्रंथी, म्हणजे थायरॉईड. तिचं संप्रेरक कमी पडलं तर माणूस थकतो, त्याला थंडी वाजते, केस गळतात, आवाज बसतो. सर एकेक लक्षण सांगत होते आणि मला वर्गात तूच उभी दिसत होतीस. घरी येऊन मी आप्पांच्या मागं लागले. त्यांना ते पटायला वर्ष गेलं. मी अकरावीत असताना आपण तिघं तालुक्याच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "थायरॉईड कमी आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी." परत येताना एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं. एवढी वर्षं सगळ्यांनी तुला आळशी म्हटलं आणि तुझा आजार मी शोधून काढला होता!

गोळी द्यायचं काम मी माझ्याकडं घेतलं. पितळेच्या फुलपात्रात पाणी आणि हातावर ती पांढरी गोळी. पहिले काही दिवस तू जरा तरतरीत दिसलीस, निदान मला तरी तसं वाटलं. दहाव्या-अकराव्या दिवशी तू म्हणालीस, "ह्या गोळीनं जीव घाबरतोय गं. पोटात ढवळतं. उभं राह्यलं की अंधारी येती." मी दप्तर भरत होते. मी मान वर न करता म्हटलं, "तुला बरं व्हायचंच नाही. पडून राहायची सवय लागलीय तुला." आत्या बोलली असती तर तू खाली बघितलं असतंस. माझ्याकडं तू नुसतं पाहिलंस आणि तोंड उघडलंस. जीभ पुढं काढून, लहान मूल प्रसाद घेतं तसं. मी गोळी ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तुला जुलाब झाले, उलटी झाली. गावात तेव्हा बऱ्याच जणांना होत होते. उलटीत गोळी पडली असेल म्हणून मी तुला दुसरी दिली. दुपारी बाराला तू हाकेला ओ देईनास. पेरू भरायला आलेला टेम्पो दारात उभा होता. आप्पांनी निम्मे क्रेट खाली काढले, तुला मध्ये निजवलं आणि आम्ही नगरचा रस्ता धरला. तुझं डोकं माझ्या मांडीवर आहे, हात गार पडलेत, चहूबाजूंनी पिकल्या पेरूंचा वास येतोय, आणि आप्पा पुढून मागच्या काचेतून ओरडून विचारताहेत, "हाय का गं? हाय का?" मी "आहे" म्हणत राहिले. शेवटच्या दोन-तीन वेळा मी खोटंच म्हटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर मृत्यूचं कारण जुलाब असं लिहिलं आणि आम्ही ते मानलं.

मी आता नगरात एका लॅबमध्ये रक्त घेते, राहायला केडगावात आहे. या वर्षी एक बाई सासूबरोबर आली. बाहेर ऊन आणि तिच्या अंगात स्वेटर. मी तिचा हात हातात घेतला आणि माझी सुई थांबली. भुवया, तो पांढुरका रंग, तो आवाज. चिठ्ठीवर तपासण्यांची मोठी यादी होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाळंतपणात त्रास झाला होता का?" सासूच म्हणाली, "लई रगत गेलं हुतं बाई. दूध बी आलं न्हाई. तवापासून ही अशीच." ती चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडम आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतात. दुपारी मी रिपोर्ट घेऊन स्वतः वर गेले आणि विचारलं.

त्यांनी सांगितलं ते तुला सांगते, कारण तुझ्या शरीरात काय झालं हे तुला कुणीच कधी सांगितलं नाही. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका. तिच्या हुकमावर बाकीच्या ग्रंथी चालतात. दूध, पाळी, गळ्यातली अवटु, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी. बाई गरोदर असली की ही पीयूषिका मोठी होते, तिला रक्त जास्त लागतं. नेमकं तेव्हाच अंगातलं रक्त वाहून गेलं तर ती मरते. बाई वाचते, ती ग्रंथी मरते. मग खालच्या ग्रंथी धडधाकट असूनही हुकमाची वाट बघत हळूहळू बंद पडत जातात. अधिवृक्कांतून येणारं कॉर्टिसोल माणसाला आजारपणात, उलटी-जुलाबात उभं ठेवतं. ते नसलं की साधं दुखणंही झेपत नाही.

"मग थायरॉईडची गोळी?" मी विचारलं. मॅडम हात धूत होत्या. म्हणाल्या, "ती नंतर. आधी कॉर्टिसोल भरून काढायचं. थायरॉईड आधी दिलं तर शरीर जोरात धावायला लागतं, उरलंसुरलं कॉर्टिसोलही संपतं आणि पेशंट हातचा जातो." मी "हो" म्हटलं आणि जिना उतरले. खाली तीन पेशंट थांबले होते. तिघांचंही रक्त मी नीट घेतलं.

तुझी फाईल माझ्याकडेच आहे. इतक्या वर्षांनी मी तो रिपोर्ट पुन्हा उघडला. गळ्यातल्या ग्रंथीचं संप्रेरक कमी, आणि तिला वरून हुकूम देणारं मात्र नॉर्मल. ग्रंथीच बिघडली असती तर वरून हुकूम वाढला असता. तो वाढला नव्हता, कारण वर हुकूम देणारं कुणी उरलंच नव्हतं. हे आज मी एका नजरेत ओळखते. अकरावीतल्या मुलीला ते कळलं नसतं, हे मला मान्य आहे. पण तू "जीव घाबरतोय" म्हणालीस, ते कळायला कुठलं शिक्षण लागत होतं? महिन्याभरानं ती स्वेटरवाली बाई पुन्हा आली ती औषधानं तरतरीत होऊन, जिन्यातच सासूशी भांडत. मी तिला बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि मला तिचा राग आला. काही कारण नसताना.

गेल्या रविवारी फाईल पिशवीत घालून मी आप्पांकडं गेले. ते आता थकलेत. शेजारची नवी सून ओट्यावर बसली होती, आप्पा तिला माझी ओळख करून देत होते. "हिनं आईचं लई केलं. शाळकरी पोर, पन रोज सकाळी गोळी द्यायची, एक दिस चुकवला न्हाई. माझ्याच्यानं तेवडं बी झालं न्हाई." त्यांचे डोळे भरून आले. गेली वीस-बावीस वर्षं भेटेल त्याला ते हेच सांगतात. मी पिशवी खाली ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.

तुला लिहिलेला हा कागदही त्याच फाईलमध्ये जाईल, आणि ती फाईल मी आप्पांना दाखवणार नाही. त्यांना त्रास होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगते. खरं एवढंच आहे आई, की सगळं कळल्यावरही रविवारी मी आतून कान देऊन ऐकत होते. ते अजून थोडं बोलले असते तर मला हवं होतं.