बंद खोलीतला कुलर

अमरावती, १२ सप्टेंबर २०२४

चि. मायास, सुंदराआत्याचा जयभीम आन पोटभर आशीर्वाद. फोनवर तू नुसती हं हं करते, म्हणून लिहून राहिली.

माही सून पौर्णिमा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात चक्कर येऊन पडली. सलाईन लावलं, आता बरी हाये. तिचा सायेब म्हणे, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत पडली नाही, आज पस्तीसमध्ये काहून? नाटक करते. अन् खाडा मांडला. लोक मले इचारतात, तुमची भाची फिजिक्सवाली, सरकारले सल्ला देते, तिचा उपेग काय? मी म्हटलं, प्रयोगशाळा सोडून फायली चाळाले गेली, तिले काय इचारता. राग मानू नको, पन उद्या पौर्णिमा पुन्हा त्याच शेडात जाईन.

जीव लावत राह्य.
तुही आत्या

नवी दिल्ली, ५ ऑक्टोबर २०२४

ती. सुंदराआत्यास, मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

वहिनीचं नाटक नव्हे. मेमध्ये हवा कोरडी, घाम वाळतो, अंग निवतं. सप्टेंबरात हवाच ओली; घाम वाळत नाही, उष्णता अंगात कोंडते. उष्म्यात कारखान्यांचं काम कधी थांबवायचं, हा नियम ठरवणाऱ्या समितीत मी आहे; त्यात ओलावाही धरा, असं मी म्हटलं. कारखानदारांनी थर्मामीटर दाखवला नि हसले.

पुढच्या बैठकीला मी एसी बंद करवला, आपल्या अमरावतीसारखा पाण्याचा कुलर लावला आणि खिडक्या-दारं लावून घेतली. गार वाऱ्यानं दिल्लीकर खूश. थोड्या वेळानं कुलरच्या पाण्यानं खोलीतली हवा ओली झाली, कोट उतरले, फायलींचे पंखे झाले. थर्मामीटर तिशीतच. अध्यक्ष म्हणाले, दार उघडा. मी विचारलं, शेडातल्या बायांनी हे कुणाला सांगायचं? मसुद्यात ओलावा आला, आत्या. खाडा न मांडण्याचं कलमही आलं. सही तेवढी बाकी आहे.

संशोधन सुटल्याची खंत कधी कधी वाटते. त्या दिवशी नाही वाटली.

डोक्यावर हात असू दे.
तुझी माया

अमरावती, १८ सप्टेंबर २०२५

चि. मायास जयभीम.

नियम लागला बरं. शेडात ओलावा मोजाचं यंत्र बसलं. काल आकडा वर गेला, भोंगा वाजला, मशिनी थांबल्या. बाया लिंबाखाली जाऊन बसल्या, खाडा नाही. मी गल्लीभर सांगून आली, हा माह्या भाचीचा भोंगा.

नाटक म्हननाऱ्या त्या सायबालेही घेरी आली म्हणे. बायाइनं सरकून जागा देली. पौर्णिमानं आपली पान्याची बाटली पुढं केली, सायेब घटाघटा पेला.

खुशाली कळवत जाय, पोरी.
तुही आत्या