कलम सात: टेपरेकॉर्डर आणि बिननावाची कॅसेट

त्या दिवशी सकाळी सातला नळ आला. मी पिंपाखाली नळी लावली, फडताळातल्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली आणि रात्रीची भांडी घासायला घेतली. आमच्याकडे पाणी बरोबर अर्धा तास येतं आणि कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची असते. बाजू संपली की हात पुसायचा, नळी काढायची, झाकण ठेवायचं. घड्याळाकडे बघावं लागत नसे. त्या दिवशी पाणी गेलं, नळीतून हवा यायला लागली, आणि गाणारा गातच होता. मला वाटलं, पाणीवाल्यांनी वेळ कापली. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून बघितलं. पाणी साडेसातलाच गेलं होतं. कॅसेट तीन मिनिटं जास्त चालली होती.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी नमुन्याचा कागद आणून दिला आहे. पण हा कागद मी ज्या कारणाने लिहायला घेतला ते कारण हेच आहे, म्हणून ते वर राहू देते. आता रीतीप्रमाणे.

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या कारागिराची विधवा, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी नजर चष्म्यासह चांगली आहे, डोकं ठिकाणावर आहे, कोणी मागे उभं राहून सांगत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. पुढचं सगळं मिळेल ते वाचून शिकले, तेव्हा भाषेत चूक निघाली तर ती माझी समजावी, अर्थ मात्र लिहिला आहे तोच घ्यावा. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम एक. राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, हे माझ्या मुलीला. ती लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे आणि दुसऱ्या गावी राहते. तिने घर विकलं तरी माझी हरकत नाही. विकण्यापूर्वी न्हाणीघराच्या दाराची वरची बिजागरी बदलावी. आम्ही तीस वर्षं ते दार उचलून लावतो, नव्या माणसाला ते कोण सांगणार.

कलम दोन. बँकेत जे असेल ते तिलाच. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कलम तीन. यांची हत्यारं, म्हणजे तारांना कथलाचा डाग देण्याची इस्त्री, मीटर, बारीक पेचकसांचा संच आणि यांच्या अक्षरात चिठ्ठ्या लावलेला बावीस कप्प्यांचा खण, हे सगळं मुलीला. माझ्या धाकट्या दिरांना यातलं काही देऊ नये. हे गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, तबकड्यांचं मशीन आता कोण वापरणार. त्यापूर्वी चाळीस वर्षं ते यांच्या आवडीच्या संगीताला पत्र्यावर पडलेले दगड म्हणत आले. मी भांडले नाही. वस्तू दिली नाही, इतकंच. इथेही इतकंच.

कलम चार. पुस्तकं. ती सगळी नर्सबाईंना. त्यातली बरीचशी बिघडलेली आहेत, हे त्यांनी आधीच समजून घ्यावं. ती मला यांचे मित्र बाइंडर यांनी दिली. आम्ही सगळे त्यांना बाइंडरच म्हणत असू, मी बाइंडरभाऊजी म्हणे. छापखान्यातून बांधायला आलेल्या प्रतींत एखादी चुकली, सोळा पानांचा एक जुडगा दोनदा लागला आणि पुढचा राहिला, की ती गिऱ्हाइकाला देता येत नाही. ती ते माझ्यासाठी आणत. "वहिनी, यात मधलं नाहीये, पण शेवट आहे," असं म्हणून हातात ठेवत. मी अशीच वाचायला शिकले. एका कादंबरीत मी सत्त्याण्णव ते एकशेबारा पानं दोनदा वाचली आणि एकशेतेरा ते एकशेअठ्ठावीस कधीच नाहीत. त्या सोळा पानांत एका माणसाचं लग्न मोडलं. का मोडलं ते मला अजून माहीत नाही.

कलम पाच. तबकड्या. इथे जरा मागचं सांगावं लागेल.

हे आणि बाइंडरभाऊजी एकाच बँडचे वेडे होते. गिटार, ढोल, ओरडून गाणं, त्यातला बँड. बँड एकच, पण गाणारे बदलत गेले. पहिला फार खालच्या आवाजात गायचा, त्याला हे खर्जवाला म्हणत. तीन तबकड्यांनंतर तो भांडून निघून गेला. मग चष्मेवाला आला, तो वरच्या पट्टीत गायचा. तो आजारी पडल्यावर आला तो तिसरा. त्याला येऊन वीस वर्षं झाली तरी या दोघांच्या तोंडी तो नवाच राहिला.

दर रविवारी दहाला बाइंडरभाऊजी येत, आणि दोनपर्यंत वाद चाले. यांचं म्हणणं, खर्जवाला गेला तेव्हाच बँड संपला, पुढे नुसती पाटी राहिली. भाऊजी म्हणत, पुस्तकाची बांधणी बदलली म्हणून पुस्तक बदलत नाही. हे म्हणत, गळा म्हणजे बांधणी नव्हे रे, मजकूर आहे मजकूर. मग भाऊजी म्हणत, मजकूर तर गाणी लिहिणारा गिटारवाला लिहितो, तो कुठे बदललाय? हे म्हणत, पत्र कोणी लिहिलं त्यापेक्षा वाचून कोण दाखवतो त्याला महत्त्व असतं, पोस्टमनला विचार. आमची मुलगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. तिने तिसऱ्यालाच सर्वांत आधी ऐकलं होतं. एकदा ती दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "बाबा, माझा पहिला हाच आहे." मग भाऊजी म्हणाले, पोरीने दोघांचीही विकेट काढली. पुढच्या रविवारी पुन्हा सुरू.

मला कोणी विचारलं नाही, पण मला ढोलवाला आवडायचा. तो पहिल्यापासून आहे. त्याच्याबद्दल चाळीस वर्षांत आमच्या घरात एकही वाद झाला नाही.

तर खर्जवाल्याच्या आणि चष्मेवाल्याच्या तबकड्या मुलीने ठेवाव्यात किंवा द्याव्यात. तिसऱ्याच्या तिच्याच आहेत.

कलम सहा. मी गेल्यावर या बँडचं कोणतंही गाणं लावू नये. कोणत्या गाणाऱ्याचं लावायचं यावरून लोक माझ्या अंगावरून भांडतील. शांतता असू द्यावी. दिरांना बोलायला सांगू नये, ते थांबत नाहीत.

कलम सात. वर लिहिलेला टेपरेकॉर्डर, आणि त्यासोबत एक कॅसेट जिच्यावर काही लिहिलेलं नाही, ही दोन्ही बाइंडरभाऊजींना. सोबत खालचा मजकूर त्यांना वाचून दाखवावा.

भाऊजी, ही कॅसेट कुठून आली ते तुम्हाला माहीत आहेच. नाट्यगृहातल्या लाइटवाल्याचं एक मशीन यांनी नीट करून दिलं, त्याने ती बदल्यात दिली. तिथे झालेल्या बँडच्या तालमीची. त्यात एक गाणं आहे, जे पुढे चष्मेवाल्याने तबकडीवर गायलं. पण तालमीत ते कोण गातोय? हे म्हणत, खर्जवाला. म्हणजे गाणं मुळात त्याचं, त्याच्याकडून घेतलेलं. तुम्ही म्हणत होतात, चष्मेवाला. आवाज खालचा लागतोय हे तुम्हीही कबूल करत होतात, पण ओळ उचलण्याआधीचा श्वास त्याचा आहे, असं तुमचं म्हणणं. वर्षभर दुसरा विषय नव्हता.

हे ती कॅसेट दुकानात नेत नसत. गिऱ्हाइकाच्या मशीनने फीत खाल्ली तर काय, ही भीती. ती फक्त घरच्या टेपरेकॉर्डरवर लागायची, आणि तो टेपरेकॉर्डर आठवडाभर माझ्या फडताळात असायचा. रविवारी हे तो बाहेरच्या खोलीत नेत. सगळ्या गावाची मशीनं यांनी नीट केली, घरचं कधी उघडलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आतला रबरी पट्टा सैल होत गेला, फीत हळू चालत गेली, आणि हळू चाललेल्या फितीत माणसाचा आवाज खाली उतरतो. हे मला यांच्याच तोंडून माहीत होतं. गिऱ्हाइकांना ते रोज समजावत, "काका, गाणारा म्हातारा नाही झाला, पट्टा म्हातारा झालाय." स्वतःच्या मशीनचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण रोज बघणाऱ्याला मूल वाढलेलं दिसत नाही.

माझ्या ध्यानात आलं. पाणी गेलं आणि गाणं उरलं, त्या सकाळी. तुमचं भांडण झालं त्याच्या पंधरा दिवस आधी.

त्या रविवारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. यांनी कॅसेट तिसऱ्यांदा लावली. तुम्ही म्हणालात, श्वास ऐक. हे म्हणाले, "तुझ्या कानात खळ गेलीय." तुम्ही तेव्हा सकाळीच काम करून आला होतात, पुस्तकं चिकटवायची खळ तुमच्या नखांत होती. तुम्ही ती बघितली. "बरं. खळ तर खळ," म्हणालात आणि चहा तसाच ठेवून उठलात. यांना वाटलं, तुम्ही जिन्यावरून परत याल. मलाही तसंच वाटलं.

मला एक वाक्य बोलायचं होतं. पट्टा सैल आहे. तीन शब्द. मी बोलले नाही. याचं कारण लिहायचं म्हणून हा कागद आहे. लग्नानंतरचा एकही रविवार मला यांच्याबरोबर मिळाला नव्हता. मी चहा करत होते, जेवण वाढत होते आणि दोन वाजता झोपलेल्या माणसाचं पांघरूण नीट करत होते. मला वाटलं, एक रविवार रिकामा मिळेल. पुढच्या आठवड्यात सांगू.

पुढच्या रविवारी हे दहा वाजता बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मी शेजारी बसले. कुठे जाऊ या का, असं मी विचारलं. "कुठे?" म्हणाले. दोनला जेवून झोपले. असे अकरा वर्षं रविवार मला मिळाले. मशीन यांनी भांडणाच्या दिवशीच फडक्यात बांधून कपाटावर ठेवलं होतं. मी कधी काढायला लावलं नाही, कारण काढलं असतं तर पट्टा बघितला गेला असता. वेळ जितका गेला तितकं सांगणं जड झालं. तुमची पुस्तकं येणं थांबलं, ते मला चालवून घ्यावं लागलं.

दवाखान्यात यांनी एकदा विचारलं, "बाइंडर काही म्हणाला?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं, कारण तुम्हाला मी निरोपच दिला नव्हता. हे गेले त्या दिवशी तुम्ही आलात, खाली फाटकापाशी उभे राहिलात, मला फक्त "वहिनी" म्हणालात. मी मान हलवली.

मागच्या महिन्यात मी मशीन खाली काढलं. खणातून चिठ्ठी वाचून पट्टा घेतला आणि बसवला. यांना बघून बघून तेवढं येतं मला. मग कॅसेट लावली. तो चष्मेवाला आहे, भाऊजी. दुसरं कोणी असूच शकत नाही. तुमचं बरोबर होतं. ऐकताना मला काही झालं नाही. रडूही आलं नाही. पूर्ण ऐकलं, बंद केलं आणि कपडे वाळत घातले.

यांची चूक कानाची नव्हती, मशीनची होती. आणि माझी.

इथे कलम सात संपतं. नर्सबाईंनी ते वाचलं. मी विचारलं, कायद्याने यात काही राहिलंय का. त्या म्हणाल्या, "काकू, ज्याला वस्तू द्यायची तो आधी गेला तर ती कोणाला, हे लिहावं लागतं. ते तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे आहेत ना?" मी म्हटलं, हो. "मग हे वाचून कोणाला दाखवायचं?" खाली दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे.

 

 

कलम आठ. या कागदाप्रमाणे सगळं होतंय हे मुलीने बघावं. तिला शंका आली तर नर्सबाईंना विचारावं. दिरांनी शंका काढली तर उत्तर देऊ नये.

वरचा मजकूर मी दोनदा वाचला, मला समजला, मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर. दोघांपैकी कोणालाही यात पैशाचं किंवा घराचं काही नाही. नर्सबाईंना बिघडलेली पुस्तकं मिळणार आहेत, ती मिळाली नाहीत तरी चालतील असं त्यांनी हसत सांगितलं आहे. कायद्याने त्यावर अडत असेल तर पुस्तकं मुलीकडे जावीत, तीच त्यांना नेऊन देईल.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार एक: (सही) पलीकडच्या दारच्या नर्सबाई
साक्षीदार दोन: (सही) खालच्या मजल्यावरचे चावीवाले
ठिकाण: राहतं घर, दुसरा मजला
तारीख: अकरा नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी चार

पुरवणी

वरच्या कागदातलं कलम सात मी रद्द करते. त्यातल्या दोन्ही वस्तू आता माझ्याकडे नाहीत. कोऱ्या सोडलेल्या दोन ओळी तशाच राहू द्याव्यात, त्यांत कोणी काही लिहू नये. बाकीची कलमं कायम. साक्षीदार तेच, त्यांनी पुन्हा सह्या केल्या आहेत.

तारीख बारा नोव्हेंबर, बुधवार. सकाळी दहाला मशीन आणि कॅसेट पिशवीत घालून मी बाइंडरभाऊजींच्या दुकानी गेले. ते एका पुस्तकाला पुठ्ठा लावत होते. त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला करून पिशवीला जागा केली, हात पुसले आणि कॅसेट ओळखली. "वहिनी, ऐकायची आहे का?" म्हणाले. मी म्हटलं, "आधी सांगायचं आहे." त्यांनी स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. उभ्यानेच त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.