बकरीच्या मागचं घर

शुक्रवार, ता. ९

प्रिय मावशी,

सा. न. आई बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. बाबांनी शेवटी चष्मा केला. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे आईच्या हाती देतेय.

परवा कपाट आवरताना तुझी वीस बटणं आणि चार रिकाम्या बॉबिन सापडल्या. तू शिवणाच्या टेबलावर खडूने पट आखायचीस. बॉबिन म्हणजे वाघ, बटणं म्हणजे बकऱ्या. मी रडायचे, मला वाघ दे. तू म्हणायचीस, "वाघ कुणीही खेळेल गं बटणा, बकऱ्यांना डोकं लागतं." वाघ उडी मारून बकरी खातो, पण तिच्या मागचं घर रिकामं असेल तरच. म्हणून बकरीच्या पाठीशी बकरी हवी, आणि सगळ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. हे मला कॉलेजने नाही शिकवलं.

तुमच्या कारखान्याच्या ऑफिसात मी लागले, तिथे साहेबांच्या टेबलावरही हाच पट आहे, पितळी वाघांचा. जेवणाच्या सुट्टीत ते मला खेळायला बोलवायचे. वाघ नेहमी त्यांचे. खेळता खेळता संत्रं खायचे आणि मारलेल्या बकऱ्या चघळलेल्या बियांच्या बशीत टाकायचे. त्या धुऊन ठेवायचं काम माझं. तेव्हा किळस यायची ती फक्त बियांची.

सलग पाच डाव मी जिंकले. त्यांनी विचारलं, कसं काय? आणि मी, घरातली पहिली पदवीधर, शहाणपण पाजळलं, की पाठ राखली तर बकरी मरत नाही.

"वा," ते म्हणाले, "म्हणजे आधी पाठ मोकळी करायची."

मी हसले, मावशी.

त्याच आठवड्यात तुम्ही चाळीस जणी मशीन बंद करून बसलात. मागणी एकच: मागच्या दाराचं कुलूप काढा, आग लागली तर जायचं कुठून? तीन दिवसांनी बसण्याचा नवा तक्ता लागला. शेजारणी दोन मजल्यांवर पांगल्या. मग एकेकीला आत बोलावलं, आणि यापुढे काम थांबवणार नाही, अशी सही करून एकेक बाहेर आली. तू केली नाहीस. तुझ्या मागचं मशीन तेव्हा रिकामं होतं.

आईला वाटत होतं, मी तुझ्यासाठी शब्द टाकला नाही म्हणून तू रुसलीस. मी तिला तसंच वाटू दिलं. आज खरं सांगितलं. तो तक्ता मी केला. नुसता टाइप नाही केला. कोण कुणाच्या जोरावर उभी आहे, ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. तुझ्या मागे बसणाऱ्या मैत्रिणीला वरच्या मजल्यावर पाठवायचं मीच सुचवलं. तक्ता पाहून खूश होऊन त्यांनी मला संत्र्याची एक फोड दिली. मी खाल्ली. कितीही चुळा भरल्या तरी ती चव जात नाही.

सोमवारी सकाळी अकरा वाजता तुझी चौकशी. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात आहे, सोबत कारखान्यातला एक जण आणता येतो. तुझ्यासोबत यायला कुणी तयार नाही म्हणतात. मी येते. साहेबांच्या हातच्या खुणा असलेली तक्त्याची पहिली प्रत माझ्याकडे आहे, ती टेबलावर ठेवणार. नोकरी जाईल. हे ऐकून आईने माझे सोमवारचे कपडे इस्त्रीला काढलेत.

माफ कर असं लिहायला तोंड नाही. माझ्याशी बोलू नकोस, मागे वळूनही बघू नकोस. मी तिथे असेन.

तुझ्या पाठीशी,
बटण