आडवं न होणारं स्टूल

३ मार्च
दोन दारं, ओवारे खेळायचा बारा खड्ड्यांचा पट आणि ओडुमच्या लाकडाची तीन स्टुलं: पंधरवड्यात एवढं केलं, सगळं माझ्या हातचं. गुरू कोणी नाही, बघून बघून शिकलो. कुमासीजवळचा हा वृद्धाश्रम मला फार आवडला. व्हरांड्यात सेर्वाआजी आणि अडोमाको आजोबा दिवसभर पटावर बिया टाकत भांडतात. आजी म्हणतात म्हातारा बिया चोरतो. आजोबा म्हणतात, हिला दिसत नाही ते माझ्यावर ढकलते. तिसरं स्टूल माझं, निवाड्यासाठी.

९ मार्च
उठताना स्टूल आडवं पाडायचं, ही आमची रीत. उभं रिकामं स्टूल दिसलं की भटका जीव त्यावर बसतो म्हणे. आज आडवं पाडलेलं स्टूल उचलताना आजोबा तोंडावर आपटले. मी तिन्ही स्टुलं बोल्टनं फरशीत घट्ट बसवली, वर सिमेंट ओतलं. पाणसळ लावली, केसभर कल नाही. आजींनी विचारलं, मिस्त्री, आता रिकाम्यावर कोण बसणार? दमलेला बसेल, म्हटलं. आजोबा हसले. आजी हसल्या नाहीत.
संध्याकाळी दोघंही आले, बोल्ट काढायचे पैसे देऊ लागले. केलेलं काम मी मोडत नाही, असं सांगून परत पाठवलं.

२१ मार्च
अडोमाको आजोबा झोपेतच गेले.

२५ मार्च
त्यांचं स्टूल सावलीत असूनही कोमट लागतं. आजी त्याच्यासमोर बसून खेळतात आणि रागावतात: ठेव रे चोरा, ठेव परत! आज माझ्या डोळ्यांदेखत खड्ड्यातल्या दोन बिया नाहीशा झाल्या. आजींचा हात मांडीवर होता.

२८ मार्च
आजी जेवायलाही उठत नाहीत. म्हातारा मनगट सोडत नाही म्हणतात, डाव संपू दे म्हणतो. बोल्ट काढ रे बाबा, म्हणून रडल्या. पाना लावला. सिमेंट माझंच — पाना वाकला, बोल्ट हलला नाही.

२९ मार्च
आजी गेल्या. बसल्या जागी.
आता दोन स्टुलं कोमट.

३० मार्च
स्टुलांचे पाय कापायला करवत आणली. धाप लागली, जरा टेकलो — माझ्याच स्टुलावर —
उठता येत नाही. डावं मनगट धरलंय. उजवं मोकळं, म्हणून लिहितोय. बिया पडतायत. निवाडा मागतायत —
औषधाच्या पैशांतून काढले होते त्यांनी. नुसते बोल्ट काढायचे. दोनशे सेदी. मी नको म्ह—