उजव्या पायाची उडी

३ ऑगस्ट

माफ कर, कित्येक महिने इकडे फिरकले नाही. लिहायला बसलं की स्वतःचीच उलटतपासणी सुरू होते, म्हणून टाळत होते. आज राहवेना.

खारूताई मैदानावर परतली! आमच्या हॉकी संघाची ही फॉरवर्ड. सरळ रेषेत धावणं तिला माहीतच नाही, म्हणून हे नाव. गेल्या मोसमात डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून संघाची फिजिओ म्हणून तिचा व्यायाम माझ्याकडे. आज एकेका पायावर लांब उड्या मारून घेतल्या. दुखावलेला पाय चांगल्याच्या बरोबरीला आला की खेळायला मोकळी, असा आमचा नियम. आला! पोरींनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच्याने वाजवल्या गेल्या नाहीत.

४ ऑगस्ट

उजव्या पायाची उडी खटकते आहे. ऑपरेशनआधी त्या पायावर ही चटईच्या पार पलीकडे जायची. काल अलीकडेच टेकली. म्हणजे डावा वर आलेलाच नाही — उजवा तिने मुद्दाम खाली आणलाय, बरोबरी दिसावी म्हणून. फायनल आठवड्यावर आली आहे ना!

तिला बाजूला घेतलं. "जरा जोर लावून मार."

"लावला की ताई."

"मला शेंडी लावू नकोस."

"आईशप्पथ ताई, एवढीच जाते!"

रडली. मला दया आली. विश्वास नाही बसला.

६ ऑगस्ट

कोचना सांगितलं. त्यांना हसूच फुटलं. "लबाड कुठली! म्हणजे उजवा दाखवते त्याहून दणकट आहे. उत्तमच की!"

"पण डावा—"

"मॅडम, तुम्हाला गोलपोस्टच्या खांबाचाही संशय येईल."

निवड त्यांची. मी फक्त सल्ला द्यायचा. निदान अर्धाच सामना खेळवा, म्हटलं. "बघू," म्हणाले. त्यांचं 'बघू' मी चांगलं ओळखते.

घरी हे म्हणाले, "एक तर भांड, नाहीतर जेव. दोन्हीच्या मधे ताट गार होतंय." जेवले.

८ ऑगस्ट

कोचनी पोरींना सांगितलेलं दिसतंय. सरावात सगळ्या तिला "नाटकी" म्हणत होत्या. ती पाणी प्यायला एकटीच उभी. मी पट्ट्या गुंडाळत राहिले. त्यांना कशी अडवणार? मीच तर म्हटलं होतं.

१० ऑगस्ट

फायनल. डाव्या गुडघ्याला पट्टी मी स्वतः बांधली. ती दुसरीकडेच बघत होती.

अर्धा सामना कसला! बाहेर काढलीच नाही. माझे डोळे तिच्या डाव्या पायावर खिळलेले. ती वळली की मी बाकावरून उठायची, थांबली की उठायची. डाव्याला काही झालं नाही. वर तिनेच गोल मारला! कोच ओरडले, "बघा, मॅडम!" मीही हसले. चुकले असेन तर किती बरं, असं खरंच वाटलं.

नंतर — धक्का नाही, टक्कर नाही. धावता धावता खाली बसली. दोन्ही हात गुडघ्यावर. मी पोचले तेव्हा एवढंच म्हणाली, "डावा नाही, ताई."

११ ऑगस्ट

उजवाच. आतलं लिगामेंट फाटलंय.

डॉक्टर म्हणाले, डाव्याला जपताना सगळा भार ह्यानेच उचलला, आणि हाच कमजोर होत गेला. ह्याचा व्यायाम कोण घेत होतं? कोणीच नाही. मी रोज डाव्याचाच घेत होते. त्या उडीत तिने खरंच सगळा जोर लावला होता.

उद्या: सरावाआधी पोरींना गोळा करून सांगायचं — ती खोटं बोलत नव्हती.