अल्विनचा हात

७ फेब्रुवारी १९२७

...गेल्या हिवाळ्यातल्या त्या सकाळी चूल पेटवून झाली होती, कोंबड्यांना दाणे टाकले होते, मी बटाटे सोलत बसले होते. अल्विन नदीकाठच्या चाकघरातून अवेळीच परतला. शेजारच्या चाकावरच्या एवाल्डने कारखान्यातून निरोप आणला होता – अल्विनने घासलेली वस्तऱ्याची पाती नापास. फार पातळ, वाकतात.

हात धुऊन टेबलाशी बसला. "हात गेला माझा, हुल्डा," एवढंच म्हणाला. पुन्हा चाकाशी गेला नाही. दगडाच्या धुळीने छाती आधीच पोखरली होती, पण वसंत यायच्या आत गेला तो त्या निरोपानेच. माझं मत बदलत नाही.

आज हे आठवलं, कारण एवाल्ड आला होता. चाकघरातली अल्विनची जागा अजून माझ्याकडे आहे, ती त्याला हवी. शनिवारी देईन म्हटलं. इतकी वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून बसले. दुसऱ्या कुणाला देऊ?

८ फेब्रुवारी

एवाल्ड वस्तरा देऊन गेला. मामंजींचे हात थरथरतात, त्यांची दाढी मीच करते, हे त्याला ठाऊक. म्हणाला, वहिनी, त्या जुन्या, पाचरीसारख्या जाड वस्तऱ्याने म्हाताऱ्याला किती दिवस सोलणार? हा घ्या, माझ्या हातचा.

९ फेब्रुवारी

एक गाल जुन्याने केला, एक नव्याने. जुना जाड, वजनदार, मुका – आपल्या भारानेच केस कापतो. नवा दोन्ही बाजूंनी खोल पोखरलेला, कागदासारखा. असं पातं गालावर गुणगुणतं. गुणगुणू दे! पण मुठीकडे आल्यावर त्याचा सूर बारीक झाला. माझा हात थांबला.

अल्विनचा डावा अंगठा वाकडा होता. पातं चाकावर दाबताना एका बाजूला मुठीपाशी जरा जास्तच खोल जायचं. त्यावरून मी त्याला चिडवायची. पेटीतून त्याने स्वतःसाठी घासलेला वस्तरा काढला. दोन्ही पाती नखावर दाबून पाहिली. धारेवरची लाट तिथेच, तशीच. नवं पातंही अल्विनच्याच हातचं.

घासणाऱ्याचं नाव पात्यावर कधीच नसतं. छाप कारखान्याचा. बाईला काय कळतंय, असं वाटलं असेल एवाल्डला.

मामंजी फक्त म्हणाले, पाणी गार झालं.

१० फेब्रुवारी

एवाल्डच्या घरी गेले. पाव खात होता. वस्तरा ताटाशेजारी ठेवला. आधी हसला, मग पाव खाली ठेवून सगळं कबूल केलं. पाती नापास झालीच नव्हती! त्याने स्वतःची म्हणून दिली, सगळी पास झाली, आणि ती बघूनच त्याला कारागिरांवर मुख्य नेमलं. जागा विसर, म्हटलं. दारात पोचले तेव्हा मागून म्हणाला, "निरोप माझ्या डोक्यातला नव्हता, वहिनी. घरी विचारा."

११ फेब्रुवारी

विचारलं. मामंजींच्या गळ्यावर साबण होता, वस्तरा माझ्या हातात. ते हलले नाहीत.

"मीच एवाल्डला तसं सांगायला लावलं. पोरगं रक्त ओकत होतं, तरी चाक सोडेना. त्याला उठवायचा दुसरा मार्ग दिसेना मला. पाती एवाल्डने लाटली ती त्याची त्याने. मी ओळखलं परवा, पात्याच्या आवाजावरून."

"आणि तो मरत होता तेव्हा? तेव्हा तरी सांगायचं."

"रोज सकाळी ठरवायचो, पोरी."

अल्विनच्या उशाशी आम्ही दोघं आळीपाळीने बसायचो. तो चादरीवरचे स्वतःचे हात बघत राहायचा. हे म्हातारे समोर बसून ते बघायचे. आणि गप्प!

उरलेली बाजू पूर्ण केली. तोंड पुसून दिलं. कुठे कापलं नाही.

१२ फेब्रुवारी

आज चर्चजवळच्या न्हाव्याकडे जाऊन आले. मामंजींची दाढी उद्यापासून तो करील.